उतारावर पायी

"उतार लागला का रे?" मागून अण्णांचा आवाज आला.

"लागला," असे म्हणून मी ब्रेक दाबला आणि सायकलवरून उतरलो. कॅरिअरखाली बांधलेली पूजेची घंटा एकदा किणकिणली आणि गप्प झाली. घंटा गप्प झाली की आपणही थांबायचे, हे अण्णांना ठाऊक होते. त्यांची चाके मुरमावर करकरत आली, थांबली, आणि काही क्षणांनी त्यांच्या वहाणांचा आवाज सुरू झाला. मग आम्ही दोघे म्हातारे आपापल्या सायकली हातात धरून त्या निर्मनुष्य उतारावरून पायी खाली निघालो.

चढावर सायकल चालवायची आणि उतारावर हातात धरून चालायचे, असे करणाऱ्या माणसांना कोणी शहाणे म्हणणार नाही. परंतु त्या वाटेवर आम्हांला पाहणारे कोणी नव्हते. शिवाय हा नियम आमचा नव्हता, आजोबांचा होता.

ह्या गोष्टीला आता पुष्कळ वर्षे लोटली. मार्गशीर्षातल्या शेवटच्या सोमवारी कृष्णेचे पाणी कळशीतून पाथरेश्वराला नेऊन त्याची अखंड धार देवावर धरायची, हा आमच्या घराण्याचा कुळाचार होता. आमचे गाव नदीकाठी आणि देव डोंगरावरच्या पठारापलीकडे, कड्याच्या पोटात. पाणी नेणाऱ्याने स्वतःच्या पायांनी देवापर्यंत पोहोचले पाहिजे, घोडा नको, गाडी नको, कुणाचा खांदा नको, एवढीच त्यातली अट. आजोबांनी तरुणपणी सायकल घेतली तेव्हा गावातल्या जाणत्यांनी हरकत काढली की हे वाहन आहे. आजोबा पंचक्रोशीत मानलेले शास्त्री होते. त्यांनी दोन दिवस विचार करून निर्णय दिला: पाय थांबले की जे थांबते, ते पायच होत, पाय थांबूनही जे चालते, ते वाहन. म्हणून चढावर आणि सपाटीवर सायकल म्हणजे आपलेच पाय. उतारावर मात्र ती वाहन होते, तेव्हा तिथे उतरून चालावे. त्यानंतर आमच्या घरात तीन पिढ्या ह्या नियमाने चालल्या. उताराचे सुख आमच्यापैकी कुणी घेतले नाही.

देवळाच्या उंबऱ्यावर गुरव एक प्रश्न विचारीत असे: आपल्या पायांनी आलात, की कुणी आणले? त्याचे उत्तर खरे द्यावे लागे. माझ्या एका चुलत आजोबांना वाटेत ताप भरला होता आणि शेवटच्या टेकाडावर दोघा गड्यांनी त्यांना हात दिला होता. त्यांनी उंबऱ्यावर "आणले" असे सांगितले, आणि त्याच क्षणी कळशी त्यांच्या धाकट्या भावाच्या हाती गेली. ती पुन्हा त्यांच्याकडे आली नाही. कळशी अशीच जात असे. आणि घराण्यातला कोणीच "आलो" म्हणू शकला नाही, तर पाणी कायमचे बंद, असेही ठरलेले होते. तसे कधी झाले नव्हते.

अण्णांच्या हाती कळशी आली तेव्हा ते पंचविशीत होते. ह्या वर्षी त्यांनी सत्तरी ओलांडली होती, आणि काचबिंदूने त्यांची दृष्टी जवळजवळ नेली होती. उजेड आणि अंधार कळे. तांबड्या मुरमाचा रस्ता पुढे अंधूक पट्ट्यासारखा दिसे, असे ते म्हणत. मी त्यांच्याहून सात वर्षांनी लहान. लग्न केले नाही. पाठशाळेत संस्कृत शिकवण्यात आयुष्य गेले. वहिनी गेल्यावर अण्णा माझ्याकडे राहायला आले. तेव्हापासून त्यांची औषधे, त्यांचे स्नान, त्यांच्या वहाणा, त्यांचा हट्ट हे सारे माझ्याकडे होते. मी ते प्रेमाने करीत होतो, पण थकून करीत होतो. माणूस थकला की प्रेम नाहीसे होत नाही, फक्त त्याचा आवाज बसतो.

गेल्या वर्षी डांबरी रस्त्याने जाताना एका ट्रकने अण्णांना बाजूच्या चरात ढकलले होते. ट्रक बाजूने आला, आणि बाजूचे त्यांना मुळीच दिसत नव्हते. कोपर फुटले, पण कळशी त्यांनी उचलून धरली होती. घरी आल्यावर मला वाटले, आता तरी हे थांबतील. अण्णा म्हणाले, "ट्रक नसलेली वाट शोधा."

ती वाट शोधली त्यांच्या लेकीने. कालिंदी कराडच्या महाविद्यालयात भूशास्त्र शिकवीत असे, आणि जाड टायरांची सायकल घेऊन एकटीच डोंगर हिंडत असे. तिने वर्षभर रविवार खर्ची घातले. कालव्याच्या काठची वाट, नवा रस्ता झाल्यावर सोडून दिलेला जुना घाट, वनखात्याने वणवा अडवायला काढलेली जाळरेषा आणि शेवटी पठारावरचा पवनचक्क्यांचा रस्ता, असे तुकडे जोडून तिने एक अखंड वाट सिद्ध केली. सगळी मुरमाची. नदीपासून देवापर्यंत एकही मोटार लागणार नाही, असे तिने बाबांना सांगितले तेव्हा अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात आधी किंचित बाजूला पडला होता.

आजोबांच्या नियमाची मात्र ती थट्टा करी. त्या पहाटे निघतानाही म्हणाली, "काका, खरं सांगू? पणजोबांना ब्रेकचे रबर झिजू द्यायचे नव्हते. त्यासाठी त्यांनी हा धर्म शोधून काढला."

"तू खुशाल बसून उतर," अण्णा म्हणाले. "तुझ्याकडे कळशी नाही."

"बरं," एवढेच ती म्हणाली आणि पुढे गेली.

वाट दाखवण्याचे काम अण्णांनी तिला दिले नाही. मुलीच्या मागे आंधळ्यासारखे जाणे त्यांना नको असावे. म्हणून माझ्या कॅरिअरखाली देवघरातली घंटा बांधली गेली. मुरमावर माझे चाक खडखडले की घंटा वाजत राही, आणि त्या आवाजामागे अण्णा येत. दोरी बांधू का, असे मी विचारले होते. दोरीने बांधून नेलेला माणूस आला असे म्हणता येत नाही, असे ते म्हणाले.

जुन्या घाटात आम्ही कालिंदीला गाठले. ती मुद्दाम थांबली होती. घाट खोदताना कापलेला कडा तिथे भिंतीसारखा उभा होता; काळ्या पाषाणाचे थर एकावर एक, आणि मध्येच हातभर रुंदीचा विटकरी पट्टा. तिने अण्णांचा हात धरून त्या पट्ट्यावर ठेवला. वरचा खालचा दगड गार आणि कठीण. पट्टा मात्र बोटांनी भुरभुरत होता. तिने सांगितले की हा सगळा डोंगर एके काळी वाहत होता. पृथ्वीच्या पोटातला अग्नी भेगांतून वर येई, पसरे, निवे, त्याचा दगड होई. मग मोठा विसावा. त्या विसाव्यात दगडाची माती होई, तीवर काही उगवे. मग पुन्हा अग्नी येई आणि ती माती भाजून निघे. ती भाजलेली माती म्हणजे हा पट्टा.

अण्णा बराच वेळ पट्टा चाचपीत राहिले. "म्हणजे डोंगर एका दमात झाला नाही," ते म्हणाले.

"नाही, बाबा. थांबत थांबत."

"ऐकलंत का, अण्णा?" मी म्हणालो. "अग्नीसुद्धा विसावा घेत होता."

"अग्नीला संध्याकाळच्या आत पोहोचायचं नव्हतं," अण्णा म्हणाले आणि सायकलीवर बसले.

कालिंदी हसली. दुपारी पठाराच्या तोंडाशी ती आम्हांला पुन्हा भेटली आणि म्हणाली, की आता फाटा नाही, एकच रस्ता आहे, मी पुढे जाऊन गुरवाला वर्दी देते. ती गेली. पठारावर चढण्यापूर्वीच्या उतारावर आम्ही चालत असताना मला तिच्या रुंद टायराचा माग मुरमात स्पष्ट दिसला, आणि त्याच्या शेजारून बुटांचे ठसे. चाक पंक्चर झाले की काय, असे मनात आले. पुढे सपाटीवर ठसे नव्हते, माग होता. मी त्यावर अधिक विचार केला नाही. थकलेला माणूस पाहतो पुष्कळ, त्यातले मनापर्यंत पोहोचते थोडे.

पठारावर वारा होता. दोन्ही बाजूंना काळा कातळ पसरलेला, त्यावर पिवळे पडलेले गवत, आणि दूरवर पवनचक्क्यांची पाती संथ फिरत होती. त्या पात्यांकडे पाहून मला हेवा वाटला. ती जागच्या जागी फिरत होती, त्यांना कुठे जायचे नव्हते. माझे गुडघे दुखत होते. श्वास छातीत पुरता उतरत नव्हता. मी मनाशी एकच गोष्ट घोळवीत होतो: अण्णा आज पोहोचले तर पुढच्या वर्षी पुन्हा हेच, आणि पोहोचले नाहीत तर कळशी माझ्याकडे, मरेपर्यंत. दोन्हीकडून मला सुटका नव्हती. पाठीमागची घंटा इतका वेळ वाजत होती की मला ती ऐकू येईनाशी झाली होती.

एका चढाच्या माथ्यावर मी श्वासासाठी थांबलो. घंटा गप्प झाली. मागून चाकांची करकर यायला हवी होती, ती आली नाही.

मी वळून पाहिले. रस्ता रिकामा होता.

आधी मी हाक मारली. वाऱ्याने ती माझ्याच तोंडावर परत टाकली. मग सायकल वळवून मी मागे निघालो. पठाराच्या डाव्या अंगाला कडा आहे, हे मला ठाऊक होते. कालिंदीने सकाळीच दोनदा बजावले होते. मी रस्त्याच्या डाव्या कडेने पाहत चाललो. एके ठिकाणी मुरमातून एका चाकाचा माग सरळ गवतात शिरला होता. त्या जागी उभा राहिलो आणि मला ऐकू आले: डावीकडून, गवताच्या उंचवट्यापलीकडून, घंटेचा आवाज. माझ्याच घंटेचा म्हणावा इतका सारखा. माझी घंटा तर माझ्या कॅरिअरखाली मुकी लोंबकळत होती.

सायकल टाकून मी पळालो. पळालो म्हणजे त्या वयात जेवढे पळता येते तेवढेच.

उंचवट्यापलीकडे मेंढरांचा कळप होता. पुढच्या दांडग्या मेंढ्याच्या गळ्यात घंटा होती. कळपाच्या मागच्या बाजूला अण्णा उभे होते, सायकल हातात, हँडलला कळशी. आणि हँडलची दुसरी मूठ एका धनगरीण बाईने घट्ट धरली होती. त्यांच्यापासून काही हातांवर गवत संपत होते. त्यापुढे फक्त आकाश होते.

"ह्ये तुमचंच का?" तिने मला विचारले.

"माझे थोरले बंधू," मी धापा टाकीत म्हणालो.

"मग दाव्याला बांधा की. मेंढरामागं निघालं व्हतं. मी म्हनलं, ह्यो कुठला पावना सायकलीवर मेंढरं राखाय आला? हाका मारल्या, तर म्हनतंय, त्र्यंबक, जरा हळू चल. मी कवा त्र्यंबक झाले?" बोलता बोलता तिचा आवाज खाली आला. "म्होरं कडा हाय, दादा. मी मागचं कॅरेज धरून वढलं."

अण्णांचा चेहरा मी तसा पूर्वी पाहिला नव्हता. ते घाबरलेले नव्हते. ते ऐकत होते. मेंढ्याने मान हलवली की घंटा वाजे, आणि प्रत्येक वेळी त्यांची मान तिकडे किंचित वळे.

"मला तीच वाटली," ते म्हणाले.

"वाटनारच," बाई म्हणाली. "आमच्या मेंढ्याची घंटाबी देवाचीच हाय. बिरुबाला वाह्यलेला हाय त्यो." मग तिने अण्णांना विचारले की कळशीत दूध आहे का. कृष्णेचे पाणी आहे, पाथरेश्वराला चालले आहे, असे अण्णांनी सांगितले. तिने एका हाताने कळशीला नमस्कार केला. दुसरा हात हँडलवरून काढला नाही. तशीच हँडल धरून तिने अण्णांना रस्त्यापर्यंत चालवीत आणले. मी मागून येत होतो. मुरमावर पाय पडला तेव्हा अण्णांनी तिचे नाव विचारले. ठकूबाई, असे तिने सांगितले. "पुन्यांदा मेंढरं राखायची आसली तर सांगून या," असे म्हणून ती कळपाकडे परत गेली.

रस्त्यावर आम्ही दोघेच उरलो. दूरवर पाती फिरत होती.

"अण्णा," मी म्हणालो, "हे धरायचं कारण नाही. ते वाटेबाहेर झालं. तिनं तुम्हांला देवाकडे आणलं नाही. जिथून चुकलात तिथे परत ठेवलं, एवढंच. वाटेवरचं प्रत्येक पाऊल तुमचं आहे."

अण्णांनी माझ्याकडे तोंड वळवले. "हे तू शास्त्र सांगतोयस की तू थकलायस?"

"दोन्ही," मी म्हणालो.

ते सायकलीवर बसले. मी पुढे झालो. आता मी दर काही अंतरावर मान वळवून पाहत होतो, आणि घंटा मला मोठ्याने ऐकू येत होती. पठार संपून देवळाकडे जाणारा शेवटचा उतार लागला. तो लांब आहे, वळणावळणाचा आहे, आणि दिवसभराच्या चढानंतर तिथे बसल्या बसल्या सायकल उताराला सोडून द्यावीशी वाटत नाही असा मनुष्य जन्माला आलेला नसेल. आम्ही उतरलो आणि चालू लागलो. अर्ध्या वाटेवर अण्णा म्हणाले, "आजोबांना हा उतार माहीत होता. तरी त्यांनी तो निर्णय दिला." माझ्या पायांखाली, टायराच्या रुंद मागाशेजारून, बुटांचे ठसे खालपर्यंत गेले होते.

पाथरेश्वराचे देऊळ कातळात कोरलेले आहे. पुढचा मंडप तेवढा बांधलेला. कालिंदीची सायकल नंदीच्या चौथऱ्याला टेकून उभी होती. ती पायरीवर बसली होती. आम्हांला पाहून उठली, आणि बाबांच्या धोतराला चिकटलेले कुसळ पाहून तिच्या कपाळाला आठी पडली. पण तिने विचारले नाही. शिवराम गुरव आतून आला. तो आमच्याच वयाचा, अण्णांच्या पहिल्या वर्षापासूनचा. त्याने हात जोडले, मग उंबऱ्याच्या आत उभा राहिला आणि मंडपातला दिवा सारखा करून त्याने दरवर्षीचाच प्रश्न दरवर्षीच्याच सुरात विचारला.

"अण्णा, आपल्या पायानं आलासा, का कुनी आनलं?"

त्याने उत्तराची वाट न पाहता कळशी घ्यायला हात पुढेही केले होते. चाळीसहून अधिक वर्षे त्याने एकच उत्तर ऐकले होते.

"आणलं," अण्णा म्हणाले.

शिवरामचे हात तसेच राहिले. त्याने माझ्याकडे पाहिले, मग पुन्हा अण्णांकडे. "कुनी?" त्याने हळूच विचारले.

"मेंढरांनी," अण्णा म्हणाले, आणि त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हलले. "मी घंटा चुकलो. ठकूबाई नावाच्या बाईनं हँडल धरून कड्यावरून रस्त्यावर आणलं. ती नसती तर आज पाणीही नव्हतं आणि मीही नव्हतो." मग त्यांनी कळशी हँडलवरून सोडवली आणि दोन्ही हातांनी पुढे धरली. मी जिथे उभा होतो तिथे नव्हे. माझ्या शेजारच्या खांबाकडे. "त्र्यंबक, घे."

मी खांबापाशी जाऊन उभा राहिलो, म्हणजे त्यांचे हात चुकीच्या दिशेला आहेत हे त्यांना कळू नये. मी कळशीला हात लावण्यापूर्वी शिवरामने मला विचारले, "तुमी, मास्तर?"

उत्तर सोपे होते. मला कुणी हात दिला नव्हता, कुणी ओढले नव्हते. दिवसभर मी पुढे होतो. "आलो" म्हटले असते तर त्यात दोष काढायला कोणी नव्हते. परंतु पुढे असणे म्हणजे येणे नव्हे. त्या पहाटे मी अंथरुणात पडून राहिलो होतो, आणि अंगणात अण्णा कळशी बांधून, सायकल धरून, भिंतीकडे तोंड करून उभे होते, म्हणून मी उठलो होतो. त्या आधीची कित्येक वर्षेही मी तसाच उठत आलो होतो. हे खरे होते. ते मला सोयीचेही होते. एकच गोष्ट एकाच वेळी खरी आणि सोयीची असू शकते, आणि तिच्यातले किती कुठले हे सांगणाऱ्यालाही सांगता येत नाही.

"मलाही आणलं," मी म्हणालो.

"कुनी?"

"ह्यांनी."

कळशी अण्णांच्याच हातांत राहिली. तिच्या मुखाशी बांधलेल्या फडक्यातून पाण्याचा एक थेंब पायरीवर पडला. शिवरामने तो पाहिला. "मग पानी बंद झालं म्हनायचं," तो म्हणाला. तो प्रश्न नव्हता. मला वाटले, इतक्या थकव्याच्या शेवटी मनाला काही हलके वाटेल. काहीही हलके वाटले नाही. मंडपात वाऱ्याचा आवाज येत राहिला.

कालिंदीने खाली बसून बुटांच्या नाड्या सोडल्या. बूट, मोजे काढून तिने कडेला ठेवले आणि अनवाणी पायांनी वर आली. उंबऱ्यासमोर उभी राहिली. शिवराम गोंधळून तिच्याकडे पाहत राहिला.

"मला विचारा ना, शिवराममामा," ती म्हणाली.

त्याने एकदा घसा साफ केला. "आपल्या पायानं आलीस, का कुनी आनलं?"

"आले."

अण्णांनी मान वर केली. "उतारावर?" त्यांनी विचारले.

"उतरले, बाबा."

"सगळ्या?"

"सगळ्या उतारांवर."

"तुझ्याकडे कळशी नव्हती."

"नव्हती."

"तू तर त्या नियमाला हसतेस. मग कशाला उतरलीस?"

"वाट मी काढली ना," ती म्हणाली. "ती नियमात बसते की नाही, हे कुणीतरी नियमानं येऊन बघायला नको का? वर्षभर तशीच आले. प्रत्येक रविवारी."

अण्णांनी माझ्या दिशेने हात पुढे केला. त्यांना साक्ष हवी होती, हे मला कळले.

"पावलं होती, अण्णा," मी म्हणालो. "प्रत्येक उतारावरचं मला आठवत नाही. पण शेवटच्या उतारावर वरपासून खालपर्यंत मागाशेजारून होती. मी पाहिली."

शिवराम आता माझ्याकडे वळला. गावात शास्त्र विचारायचे ते मला, अशी रीत होती. जे विचारायचे होते ते त्याला नीट विचारता येईना. बाईमाणसाच्या हातची धार आजवर झालेली नाही, असे काहीसे तो म्हणाला, आणि मास्तर, तुम्ही सांगाल ते, असे म्हणून थांबला. त्या वेळी ग्रंथ शोधायचे म्हटले असते, तर दोन्ही बाजूंची वचने मी देऊ शकलो असतो. आयुष्यभर मी तेच केले होते. पण मला आजोबा आठवले. त्यांनी दोन दिवस विचार करून ग्रंथातले एकही वचन दिले नव्हते. त्यांनी पायांकडे पाहिले होते.

"नियमात पाय आहेत, शिवराम," मी म्हणालो. "कुणाचे, ते नाही."

शिवराम उंबऱ्यातून बाजूला झाला.

अण्णांनी कळशी पुढे धरली. ह्या वेळी त्यांचे हात बरोबर दिशेला होते. तिचा आवाज त्यांना जवळून येत होता. कळशी तिच्या हातांत गेल्यावरही त्यांनी क्षणभर ती सोडली नाही. मग सोडली आणि पायरी चाचपीत खाली बसले. सकाळपासून ते प्रथमच बसले होते.

कालिंदी आत गेली. गाभाऱ्यातला कातळ काळा, ओला आणि थंड आहे. तोही कधीतरी वाहत होता, हे मला त्या दिवशी ठाऊक झाले होते. तिने फडके सोडले, कळशी तिरपी केली, आणि बारीक धार देवावर पडू लागली. मी उंबऱ्याशी उभा राहून आवर्तनाला सुरुवात केली. माझा आवाज बसलेला होता. मध्येच तो फाटे आणि मी पुन्हा सावरून घेई. आवर्तन संपेपर्यंत धार तुटता कामा नये, आणि पहिल्यांदा धरणाऱ्याचे मनगट भरून येते. तिने दुसऱ्या हाताने मनगटाला आधार दिला.

पायरीवरून अण्णांनी विचारले, "त्र्यंबक, धार तुटली का रे?"

दोन मंत्रांच्या मध्ये मी म्हणालो, "नाही."

ते ऐकत राहिले. पाषाणावर पडणाऱ्या पाण्याचा आवाज मंडपात भरून राहिला होता. आवर्तन पूर्ण झाले, तरी तिने कळशी सरळ केली नाही. तळाचे पाणी अजून उरले होते आणि ती ते संपवीत होती.

"थकलास?" अण्णांनी विचारले.

"हो."

"मग बस इथे," ते म्हणाले आणि पायरीवर सरकून त्यांनी माझ्यासाठी जागा केली. "ती घालतेय."

मी बसलो.